टेबलाच्या अलीकडे, पलीकडे

मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे. तिथल्यासारख्या पेटंट कार्यालयात एक्झामिनर म्हणून लागलेली इंजिनिअर पुढे काळा कोट चढवून उच्च न्यायालयात कशी पोचते, हे कळायला तिच्या टेबलावरची एखादी फाइल उघडावी.

समजा, अर्ज भाकरी करण्याच्या यंत्राचा आहे. वर्णनाची तीस पानं बाजूला सारून ती आधी क्लेम वाचते, कारण हक्क मिळतो तो क्लेममध्ये जे मागितलंय त्यावरच. पहिला क्लेम : गोळा दाबणारी चकती, तापता तवा आणि ओलावा पाहून चकती उचलणारा सेन्सर. शोध घेतल्यावर एका जुन्या पेटंटात चकती-तवा सापडतो, दुसऱ्यात सेन्सर. दोन्ही एकत्र आणायला जाणत्या कारागिराला फारसं डोकं चालवावं लागलं नसतं, हा आक्षेप प्रथम परीक्षण अहवालात जातो. उत्तराला मुदत सहा महिने. अर्जदाराचा एजंट मग चौथ्या क्लेममधली बारीकशी गोष्ट, भाकरीच्या कडेला वेगळा दाब देणारं कडं, उचलून पहिल्यात घालतो. क्लेम आखडतो, पण तगण्याची आशा वाढते. पेटंट कायद्याचं कलम ५९ त्याला आखडू देतं, रुंदावू देत नाही.

अशा शेकडो फायली हाताखालून गेल्या की कोणता आक्षेप नेहमीचा आणि कोणता जीवघेणा, हे वासावरून कळतं. खासगी फर्म पैसे मोजते ते या नाकाचे. कलमं काय, पुस्तकातही असतात.

सरकारातून बाहेर पडायचं दार कायद्यानंच ठेवलंय. एरवी पेटंट एजंट व्हायला विज्ञान, तंत्रज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी आणि परीक्षाही द्यावी लागते. एक्झामिनरचं किंवा अर्जावर निर्णय देणाऱ्या कंट्रोलरचं काम एकूण किमान १० वर्षं केलेल्याला कलम १२६ परीक्षा माफ करतं. मात्र अर्ज खुर्ची सोडल्यावरच. खुर्चीत असताना पेटंटमध्ये हितसंबंध मिळवायला कलम ७५ ची मनाई आहे. निवृत्त होऊन वर्षाच्या आत व्यवसाय थाटायचा, तर गट 'अ' अधिकाऱ्याला सरकारची परवानगी लागते. आणि स्वतः तपासलेल्या फायलीला बाहेर आल्यावर हात लावू नये, हे सांगायला कलम कशाला हवं?

एजंटाची हद्द कंट्रोलरपर्यंत. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झालं, अपिलं उच्च न्यायालयांकडे गेली, आणि तिथे बाजू मांडायला वकिलीची सनद लागते. म्हणून मग एलएलबी, तीही बऱ्याचदा चाळिशीत.

तरी रोजचं काम कंट्रोलरसमोरच. सुनावणी हल्ली व्हिडिओवर होते. कधी पडद्यावरच्या चौकटीत पूर्वी शेजारच्या टेबलावर डबा खाणारा जुना सहकारी दिसतो. ती घसा साफ करते आणि 'सर' म्हणून सुरुवात करते.