पायाच्या खड्ड्यात डिझेलचा वास

पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यातले कुरकुंभ आता फिरंगाई देवीइतकेच रासायनिक कारखान्यांसाठी ओळखले जाते. अशा गावांत जमिनीचे भाव चढले की जुने गॅरेज, बंद पडलेला पंप, डिझेलची गंजकी टाकी पुरलेली जागा हेही सारे विकले जाते. समजा, तिथे घर बांधायचे ठरले आणि पाया खणताना चार-पाच फुटांवर डिझेलचा वास आला. 'वारा लागला की उडून जाईल' हा सल्ला तिथेच मिळतो. मग वरून मुरूम टाकून काँक्रीट ओतले जाते.

उघड्यावर सांडलेले पेट्रोल बरेचसे उडते हे खरे. पण फरशीखाली अडकलेली वाफ जमिनीच्या भेगांतून, नळांच्या कडेने घरात शिरते. पेट्रोलमधले बेन्झिन कर्करोगकारक आहे आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. डिझेल आणि जळके ऑइल मात्र उडण्याच्या भानगडीत फारसे पडत नाही. ते मातीला धरून वर्षानुवर्षे बसते.

दौंडकडची काळी माती हा यातला अवघड भाग. पाणी प्यायल्यावर ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगांतून तेल थेट खालच्या मुरमात आणि बेसाल्टच्या फटींत उतरते, तिथून विहिरीत. २०२१ मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरट्यांनी इंधनवाहिनीला भोक पाडले, तेव्हा पेट्रोल शेतात मुरून विहिरींपर्यंत गेले आणि पिके जळाली.

म्हणून उपाय निवडताना कंपनीचे माहितीपत्रक नंतर, आधी माती पाहावी लागते. जमिनीत नळ्या घालून वाफ शोषून घेण्याची पद्धत वाळूत छान चालते; चिकण मातीतून हवाच फिरत नाही. साबणासारख्या द्रावणाने माती धुणेही वाळूलाच मानवते. ऑक्सिडीकरण करणारी रसायने जमिनीत सोडली तर त्यांना चिकण मातीत पसरताच येत नाही, शिवाय मातीतला सेंद्रिय भागच त्यांचा बराचसा वाटा खातो. भट्टीत तापवून तेल काढण्याची पद्धत जलद आहे, पण ओली काळी माती तापवायची म्हणजे आधी तिच्यातल्या पाण्यावर इंधन जाळायचे.

उरतात दोन वाटा. काळ्या मातीवर पाया टिकत नाही म्हणून ती मुरूम लागेपर्यंत उपसावीच लागते, त्यामुळे खोदाईचा खर्च तसाही होणारच असतो. उपसलेली माती नेमकी कुठे जाते, हा खरा प्रश्न. एरवी ती कुणाच्या तरी बांधावर किंवा रस्त्याच्या भरावात पडते आणि डाग फक्त जागा बदलतो. तेल फार असेल तर ती शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात रीतसर पाठवणे बरे. वाहतूक आणि विल्हेवाट दोन्ही महाग, पण जागा लगेच मोकळी होते.

तेल बेताचे असेल, म्हणजे किलोभर मातीत ५० ग्रॅमपेक्षा कमी, तर जिवाणूंना काम देता येते. प्लास्टिकच्या जाड कागदावर मातीचा ढीग लावायचा, आत भोके पाडलेले पाइप ठेवून हवा खेळवायची. चिकण माती मोकळी राहावी म्हणून उसाचा भुसा मिसळता येतो. साखर कारखान्यांच्या दौंडमध्ये तो मिळवणे अवघड नाही. खताचे ढोबळ प्रमाण कार्बन १००, नत्र १०, स्फुरद १. म्हणजे युरिया आणि सुपर फॉस्फेट. तेल खाणारे जिवाणू मातीत बहुधा आधीच असतात. बाहेरचे हवेच असतील तर दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने तयार केलेले 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचे मिश्रण आहे. पण पुडी फोडली की काम झाले असे नव्हे. दौंडच्या उन्हात ढीग सुकला तर जिवाणू थांबतात, आणि पावसाळ्यात झाकला नाही तर तेल ओढ्यात जाते.

या कामाला साधारण सहा महिने ते दोन वर्षे लागतात. बांधकामाचे कर्ज सुरू झाल्यावर ही सवड कुणाला नसते. त्यामुळे मातीची तपासणी जागा घेण्याआधी व्हायला हवी. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम आणले, त्यात संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी करायची आहे आणि सफाईचा भार प्रदूषण करणाऱ्यावर आहे. पण पंपाचा जुना मालक शोधायला निघालेल्याला विचारा!

ढीग साफ झाला की नाही, हे नाकाने ठरवू नये. ढिगाच्या पोटातले नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि त्यांच्याबरोबर खड्ड्याच्या तळाचा मुरूम आणि जवळच्या विहिरीचे पाणीही.