पेटी पिकली, ओव्हन लावा!

मे महिना, घरून आलेली आंब्याची पेटी, फ्लॅटमध्ये खाणारी तोंडं दोन आणि सगळे आंबे एकाच दिवशी तयार! अशा वेळी धावून येतो तो फ्रूट क्रिस्प. ना अंडं, ना बीटर, ना केक फुगेल की बसेल याचं टेन्शन.

सकाळी साडेसहाला ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन येतो. 'मॅडम, पेटी आलीय, कात्रजला उतरवतोय, लवकर या.' मग काय, नाइट ड्रेसवर ओढणी टाकायची, स्कूटर काढायची आणि पाच डझनांची पेटी दोन पायांच्या मध्ये ठेवून घरी यायचं. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, 'गावचे का?' आपली कॉलर ताठ! पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या कोकणातल्या कुठल्याही पोरा-पोरीला विचारा, मे महिन्यातला हा सीन सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

ओळखीचा नसतो, किंवा कुणी सांगत नाही, तो पुढचा सीन. पेटीतले आंबे आपण कॉटखाली वर्तमानपत्रावर पसरतो. आमच्या राजापूरकडे गवतात आढी लावतात, इथे गवत कुठलं आणायचं? चार दिवस काहीच होत नाही. रोज रात्री वाकून दाबून बघायचं, हिरवे ते हिरवेच. पाचव्या दिवशी एक पिकतो आणि मग बाकीचे थांबायलाच तयार नसतात. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो. ऑफिसात एकाने राजीनामा टाकला की आठवड्याभरात आख्खी टीम नोकरी डॉट कॉमवर दिसते ना, तसंच अगदी.

तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा रिलीज होता. सकाळी नऊला बाहेर, रात्री बाराला घरात. रूममेट तिच्या गावी गेलेली. शनिवारी दार उघडलं तेव्हा घरात गोडसर, आंबूस वास भरलेला. फेकायचे आंबे मोजू नयेत. मी मोजले. सतरा.

संध्याकाळी बाबांचा फोन. 'काय गो, आंबे कसे निघाले?'

'मस्त होते बाबा. संपले पण.'

'संपले? वा!' बाबा इतके खूश झाले की मला फोन ठेवावासा वाटला. त्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर झडला होता, झाडांवर निम्माही आंबा नव्हता. व्यापाऱ्याला द्यायच्या पेट्यांतली एक बाबांनी बाजूला काढून मला पाठवली होती, हे आईने मला पुढे गणपतीत सांगितलं.

तर, हा लेख त्या सतरा आंब्यांमुळे.

रस तरी किती खाणार?

पिकलेल्या आंब्यांचं काय करायचं, याची उत्तरं प्रत्येक आईकडे असतात. रस काढ, आटवून ठेव, साठं घाल. आई, तुझं बरोबर आहे गं, पण मे महिन्यात गॅससमोर तासभर रस ढवळत कोण उभं राहणार? आणि साठं कुठे वाळवणार, ऑफिसच्या गच्चीवर? मिल्कशेक दोन दिवस छान लागतो, तिसऱ्या दिवशी नकोसा होतो.

क्रिस्प मला एका सहकाऱ्यामुळे मिळाला. अमेरिकेत दोन वर्षं ऑनसाइट राहून आलेला मुलगा, स्वयंपाकात ढ, पण पॉटलकला हमखास हेच घेऊन यायचा आणि भांडं चाटूनपुसून परत न्यायचा. क्रिस्प म्हणजे काय, तर खाली चिरलेलं फळ, वर पीठ, ओट्स, साखर, लोणी आणि सुकामेवा यांचा भुरभुरीत चुरा. हे सगळं ओव्हनमध्ये ठेवायचं. फळाचा रस खदखदून दाट होतो, वरचा थर कुरकुरीत होतो. बस्स.

हा मूळचा अमेरिकन प्रकार, तिथे तो बहुतेक वेळा सफरचंदाचा करतात. ब्रिटिशांचा क्रम्बल हा त्याचाच भाऊ, पण त्यात ओट्स आणि सुकामेवा असेलच असं नाही. क्रम्बलची एक गोष्ट मला आवडते. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर रेशनवर आली. खाली-वर पारी असलेला पाय परवडेना, तेव्हा वरून नुसता चुरा भुरभुरवून भागवायची ही पद्धत त्या युद्धाच्या काळात घरोघरी रुळली. टंचाईतून आलेला पदार्थ आहे, म्हणूनच तो इतका समजूतदार आहे. पीठ थोडं कमी पडलं, फळ थोडं जास्त झालं, चालतं. केक तसं काही चालवून घेत नाही.

हापूस भाजायचा?

थांबा, दगड मारू नका. उत्तम पिकलेला, देठाशी किंचित सुरकुतलेला, घरभर घमघमणारा हापूस ओव्हनमध्ये घालू नका. तो उभ्याने, सिंकवर वाकून, कोपरापर्यंत रस ओघळेल असाच खायचा. आणि गंमत म्हणजे त्याचा क्रिस्प चांगला होतही नाही. उष्णतेने हापूसचा सुवास बराचसा उडून जातो आणि मऊ गराचा लगदा होतो.

क्रिस्पसाठी घ्या ते पेटीतले 'दुसऱ्या रांगेतले' आंबे. कोयीशी अजून घट्ट असलेले, थोडे आंबटसर. एका बाजूला काळा डाग पडलेले, तो भाग कापून टाकायचा. साका निघालेले सुद्धा. हापूस बाहेरून राजबिंडा आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग, हा धक्का आपण सगळ्यांनी खाल्लाय. तो भाग काढून टाका, उरलेला गर बिनधास्त वापरा. मात्र आंबूस वास सुटलेला, पाणी सुटलेला आंबा घेऊ नका. क्रिस्प हा नासलेल्या आंब्यावरचा इलाज नाही. माझ्या त्या सतरांना त्या शनिवारी क्रिस्पही वाचवू शकला नसता. ते बुधवारीच चिरायला हवे होते.

सोबत आंबट काहीतरी लागतंच, नाहीतर गोडावर गोड होतं. मेच्या अखेरीस हिमाचलची आलुबुखार बाजारात यायला लागतात. ती चार-पाच मिळाली तर सोन्याहून पिवळं. भाजल्यावर त्यांचा लालबुंद रस आंब्याच्या केशरीत उतरतो, तो रंग बघाच! नाही मिळाली तर एका लिंबाचा रस.

साहित्य (चार जणांसाठी, किंवा दोन जण आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता)

खालच्या थरासाठी: आंब्याच्या फोडी आणि आलुबुखार मिळून ७५० ग्रॅम (म्हणजे साधारण चार-पाच आंबे आणि चार-पाच आलुबुखार), साखर दोन मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा, पाव चमचा सुंठ, किसलेलं जायफळ चिमूटभर.

वरच्या थरासाठी: गव्हाचं पीठ किंवा मैदा १०० ग्रॅम, ओट्स ५० ग्रॅम, गुळाची पावडर किंवा ब्राऊन शुगर ७५ ग्रॅम, गार लोणी ८५ ग्रॅम, काजू तुकडा आणि जाडसर कापलेले बदाम मिळून ६० ग्रॅम. नेहमीचं खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको.

ओट्स साधे घ्या. आमच्याकडे एकदा घाईत मसाला ओट्सचं पाकीट फुटलं. त्या क्रिस्पबद्दल न बोललेलंच बरं. ओट्स नसतील तर पातळ पोहे हाताने चुरून घाला, सुरेख कुरकुरीत होतात. जाड पोहे नकोत, ते दाताखाली खड्यासारखे येतात. आणि काजू पाकळी किंवा अख्खे घेऊ नका, उगाच महाग. तुकडाच हवाय आपल्याला.

खरी लढाई लोण्याशी

इंग्रजी रेसिपीत लिहितात, 'रूम टेम्परेचरचं बटर'. मे महिन्यात पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या किचनमध्ये रूम टेम्परेचर म्हणजे तूपच की हो! वितळलेल्या लोण्याने पिठाचा चिकट गोळा होतो आणि भाजल्यावर वर एक सपाट, कडक बिस्कीट तयार होतं. आपल्याला हवाय रवाळ चुरा. लोण्याचे छोटे गार तुकडे पिठात वेगवेगळे राहिले, की ते ओव्हनमध्ये वितळताना प्रत्येक कण सुटा भाजला जातो.

माझी युक्ती साधी आहे. बटरचा तुकडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि खोबरं किसायच्या किसणीवर थेट पिठात किसा. मग बोटांच्या टोकांनी पटापट चोळा, तळहात लावू नका, तो गरम असतो. शंकरपाळ्यांना मोहन घातल्यावर आई मूठ वळून बघते ना? तीच परीक्षा. मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने ढकलली की फुटली पाहिजे. मग ओट्स, गूळ आणि निम्मा सुकामेवा मिसळा आणि फळं चिरेपर्यंत हा चुरा फ्रीजमध्ये ठेवून द्या.

ओटीजी १८० अंशांवर दहा मिनिटं तापवा, दोन्ही रॉड चालू. फोडींना साखर, कॉर्नफ्लोअर, सुंठ आणि जायफळ लावून आठ इंची काचेच्या बेकिंगच्या भांड्यात पसरा. वर चुरा भुरभुरवा. दाबायचा अजिबात नाही, भेगांतून वाफ जायला हवी. मधल्या जाळीवर ३५ ते ४० मिनिटं. उरलेला सुकामेवा वीस मिनिटांनी वरून पेरा, आधी घातलात तर काजू करपतात. गूळही लवकर काळा पडतो, तेव्हा वरून रंग जास्त येतोय वाटलं तर फॉइल झाका. कडेने रस बुडबुडताना दिसला की झालं. नुसता वरचा रंग बघून बाहेर काढू नका. रस उकळल्याशिवाय कॉर्नफ्लोअर दाट होत नाही आणि मग खाली सूप मिळतं.

आता सगळ्यात कठीण भाग. वीस मिनिटं थांबा. गरमागरम खाल्लात तर जीभ भाजेल आणि रसही पातळ लागेल. वाढताना वर व्हॅनिला आइस्क्रीम, आणि त्यावर एका राखून ठेवलेल्या, पूर्ण पिकलेल्या हापूसच्या कच्च्या फोडी. भाजताना उडालेला सुवास असा परत आणायचा. आइस्क्रीम नसेल तर घट्ट दह्याचा बिनसाखरेचा चक्का माझ्या मते जास्त चांगला लागतो.

ओव्हनच नाही?

मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर हा होणार नाही, उगाच प्रयत्न करू नका. तो पदार्थातलं पाणी तापवतो, वरचा थर भाजत नाही, मऊच ठेवतो. कन्व्हेक्शन असेल तर उत्तम. एअर फ्रायर असेल तर छोट्या भांड्यात १६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं आणि लक्ष ठेवा. पीजीत राहणाऱ्यांनी जाड बुडाच्या कढईत चुरा मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतावा, फळं वेगळ्या भांड्यात शिजवून दाट करावीत आणि वाटीत एकावर एक घालावं. अस्सल नाही, पण रात्री अकरा वाजता कोण विचारतंय?

नोकरीवाल्यांसाठी याहून मोठी सोय म्हणजे चुरा आधी करून ठेवता येतो. रविवारी दुप्पट करा, झिपलॉकच्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर काही होत नाही. बुधवारी ऑफिसातून आल्यावर फक्त आंबे चिरायचे, गोठलेला चुरा तसाच वर पसरायचा, ओव्हन लावून आंघोळीला जायचं.

शिजवायचे आंबे

दोन वर्षांपूर्वी बाबा डोळे दाखवायला पुण्यात आले होते. त्या दिवशी नेमका मी क्रिस्प केलेला. बाबा ओव्हनच्या काचेतून बघत राहिले.

'ह्यात काय आहे गो?'

'आंबा.'

'आंबा शिजवलास?' आवाजात असं काही होतं की मी घरातला देवच शिजवला असावा.

आई फोनवर होती, स्पीकरवर. तिकडूनच म्हणाली, 'आणि रायवळांचं सासव करते तेव्हा काय आंबे कच्चे असतात? खा मुकाट्याने.'

बाबांनी खाल्लं. आधी नुसता वरचा काजू, मग एक घास, मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. वाटी पुढे केली तेव्हा मी त्यांना सतरा आंब्यांचं सांगून टाकलं. ते म्हणाले, 'मला काय माहीत नाय? पाच डझन आंबे दोन पोरी आठवड्यात खातात होय?' आणि आइस्क्रीम आणखी घातलं.

आता पेटी येते तेव्हा सोबत काजू तुकड्याची पिशवी असते. आणि वरच्या थरात, वर्तमानपत्रात वेगळे गुंडाळलेले सात-आठ आंबे. कागदावर बाबांच्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं असतं: 'शिजवायचे. बुधवारच्या आत.'