ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं तेल केव्हा बदलावं?



बैलगाडीच्या आसाला वंगण कमी पडलं की गाडी कुरकुरू लागते. गाडीवानाला कोणी सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं तसं नाही. आतलं तेल निकामी झालं तरी तो बरेच दिवस मुकाट चालतो, आणि आवाज करू लागतो तेव्हा दाते झिजून गेलेले असतात. म्हणून हे तेल कानानं नव्हे, हिशेबानं बदलायचं असतं.

इंजिनाचं ऑइल काळं पडलेलं दिसतं, म्हणून ते आपण बदलतो. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही. मग तेल खराब कशानं होईल? तर दाते एकमेकांवर घासून तेल तापतं, त्यातली संरक्षक द्रव्यं हळूहळू संपतात आणि झिजलेल्या लोखंडाचा बारीक कीस त्यातच फिरत राहतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत हे एकच तेल गिअरला वंगण देतं, लिफ्ट उचलतं आणि ऑइल ब्रेक असल्यास त्यांनाही थंड ठेवतं. तेल बिघडलं की तिन्ही कामं बिघडतात.

आता हिशेब पाहू. भीमेच्या एका तीरावर शिरूर, दुसऱ्या तीरावर दौंड; दोन्हीकडे उसाची वाहतूक मोठी. अनेक ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तकात हे तेल सुमारे १००० तासांनी बदलावं, असं दिलेलं असतं. आपल्या पुस्तकात जो आकडा असेल तोच धरावा. गळीत हंगामात ट्रॅक्टर रोज ८ तास चालला, तर १२० दिवसांत ९६० तास झाले. म्हणजे एका हंगामातच तेलाचं आयुष्य संपत आलं! नुसती नांगरट-पेरणी करणाऱ्या शेजाऱ्याचे वर्षाला ३०० तासच होत असतील. "त्याचं तेल तीन वर्षं चाललं, माझंही चालेल," हे म्हणणं म्हणून खोटं ठरतं. पुस्तकात तासांबरोबर महिन्यांची मुदत असेल, तर जी आधी संपेल ती पाळावी. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल मात्र फार लवकर असतो, कारण नव्या दात्यांचा कीस सुरुवातीलाच जास्त पडतो.

तास भरण्याआधीही काही वेळा तेल बदलावं लागतं. पट्टी काढून पाहा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. ओढ्यातून जाताना किंवा जोराच्या फवाऱ्यानं धुताना ते शिरू शकतं. करपल्याचा वास आला, लिफ्ट अडखळू लागली, तरीही थांबू नका. आधी कारण शोधून घ्या.

तेल कोणतं, हेही महत्त्वाचं. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरात पुस्तकात सांगितलेलंच तेल घाला. स्वस्त पडतं म्हणून साधं नव्वद नंबर ओतलं, तर ब्रेक नीट धरेनासे होऊ शकतात. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे, समोर उतार आणि रस्त्यावर शाळा सुटलेली! तिथे वाचवलेले पैसे कामाला येत नाहीत.

बदलताना ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करा, सपाट जागी उभा करून बंद करा, मग खालचे बोल्ट उघडा. बोल्टच्या लोहचुंबकावर बारीक काळा लगदा असेल तर घाबरू नका. लोखंडाचे तुकडे निघाले तर मिस्त्रीला दाखवा. फिल्टर बदला किंवा जाळी धुवा. नवं तेल खुणेपर्यंत भरा, इंजिन चालू करून लिफ्ट दोन-चारदा वर-खाली करा, बंद करून पातळी पुन्हा पाहा. जुनं तेल विहिरीकडेला किंवा कालव्यात ओतू नका. बंद डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्या.

मोटारगाडीलाही हाच न्याय. तिथे तासांऐवजी किलोमीटर मोजायचे. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचं तेल मात्र निराळं असतं, तिथे हाताला येईल ते ओतू नये.

गुरुजींनी वर्गात हाच हिशेब मुलांना घालावा: "आपल्या ट्रॅक्टरचे तास किती झाले?" मूल घरी जाऊन मीटर पाहील आणि वहीत आकडा लिहील. ती वही ट्रॅक्टरच्या पेटीतच ठेवा. हंगाम सुरू होण्यापूर्वी ती एकदा उघडली, तर ऐन तोडीत ट्रॅक्टर बांधावर उभा करण्याची पाळी सहसा येणार नाही.