दगडावरची बत्तीस माणसं

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण मामाच्या गावाला जाता ना? कुणी आसनगावला लोकलमधून उतरून शहापूरकडे, तर कुणी कल्याणहून एस.टी.नं मुरबाडकडे. डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलं की पाडे लागतात. वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची ही वस्ती. तिथे एखाद्या कुडाच्या भिंतीवर पांढरी चित्रं दिसली, तर "हॅ, काड्यांची माणसं! ही तर मलाही येतात," असं म्हणून पुढे जाऊ नका हं. आज या काड्यांच्या माणसांचीच गोष्ट आहे. पण त्यासाठी आधी शिडाच्या जहाजात बसून पार ऑस्ट्रेलियाला जायचंय. चला तर!

साल १८०३, महिना जानेवारी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर कार्पेंटारियाच्या आखातात 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचं जहाज फिरतंय. कप्तान आहे मॅथ्यू फ्लिंडर्स. काम काय, तर किनाऱ्याचा आणि तिथल्या बेटांचा नकाशा काढायचा. ऊन रणरणतंय आणि जहाजाच्या फळ्या तर आतून कुजलेल्या! मोठं वादळ आलं तर संपलंच सगळं. तरीही फ्लिंडर्स एकेका बेटाला वळसा घालत मोजमापं घेतोच आहे.

अशात एक खडकाळ बेट आलं. उभ्या भेगांनी चिरलेलं. त्यानं नाव ठेवलं 'कॅझम आयलंड', म्हणजे भेगांचं बेट. तिथल्या कपारींमध्ये डोकावतात तो काय! दगडावर कोळशानं आणि तांबड्या रंगानं काढलेली चित्रं. कासवं, कांगारू, माणसाच्या हाताचा पंजा. जहाजावर विल्यम वेस्टॉल नावाचा तरुण चित्रकार होता. त्यानं त्या चित्रांच्या नकला उतरवून घेतल्या. एका चित्रात कांगारूच्या मागे रांगेनं चाललेली माणसं होती. मोजली, तर बत्तीस! त्यातला तिसरा माणूस इतरांच्या दुप्पट उंच.

फ्लिंडर्सनं लिहून ठेवलं, की हा त्यांचा नायक असावा. आता गंमत बघा. हा झाला त्याचा अंदाज. ते चित्र ज्यांचं, त्या लोकांना विचारून काही त्यानं ते लिहिलं नव्हतं. आज आपल्याला फ्लिंडर्सचं नाव ठाऊक आहे, वेस्टॉलचंही आहे. पण ती बत्तीस माणसं काढणाऱ्या हाताचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, ही तर दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बरं, मग ही ऐका. १९६६ साली ऑस्ट्रेलियात नव्या नोटा निघाल्या. एक डॉलरच्या नोटेवर झाडाच्या सालीवरचं एक आदिवासी चित्र छापलं. हे चित्र होतं डेव्हिड मलांगी या चित्रकाराचं. हा गृहस्थ जिवंत होता, चित्रं काढत होता आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! चूक लक्षात आल्यावर बँकेनं त्याला एक हजार डॉलर आणि एक पदक दिलं. पण नोटा आधी छापल्या गेल्या, विचारपूस मागाहून झाली.

आता परत आपल्या पाड्यावर येऊ. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की भिंत शेणामातीनं लिंपतात, गेरूनं तांबडी करतात. तांदूळ वाटून पांढरा रंग करतात आणि बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला. मग सुवासिनी लग्नाचा चौक काढतात. मधोमध पालघट देवी. भोवती झाडं, जनावरं, तारप्याच्या तालावर फेर धरणारी माणसं. धवलेरी गाणी म्हणते. म्हणजे ते नुसतं चित्र नव्हे बरं का, तो लग्नाचा विधीच आहे.

१९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं वारली पाड्यांवर कागद नेऊन दिला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्यावर असं काही चितारलं, की वारली चित्रं जगभर पोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांचं नाव राहिलं. पण त्यांच्याआधी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायांची नावं? ती कुणी टिपून ठेवली? आणि आज तर ही चित्रं कपांवर, पिशव्यांवर, शर्टांवर दिसतात. काढणारा कोण, त्याला किती मिळाले, हे आपण दुकानदाराला विचारतो का?

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. पाड्यावर चित्र दिसलं, तर आधी परवानगी घ्या. मग तिथल्या आजींजवळ बसा. "आजी, हे कुणी काढलं? हे काय आहे?" असं विचारा. त्या सांगतील ते वहीत लिहा. त्यांचं नाव, गाव आणि तारीख विसरू नका. आपला अंदाज वेगळा लिहा, आजींचं सांगणं वेगळं लिहा. आणि आजी म्हणाल्या, "हे नाही सांगायचं," तर तेही मान्य करा.

कुजक्या जहाजातून हजारो मैल फिरलेल्या फ्लिंडर्सकडून जे राहून गेलं, ते तुम्हाला एस.टी.च्या तिकिटात जमेल. बघा करून!