पांढरी तबकडी

आमच्या गावाच्या वेशीवरील तळ्यात मी पोहायला शिकलो. गेल्या वैशाखात त्याच तळ्यावर हिरवी साय धरली आणि एका सकाळी काठाशी मेलेले मासे तरंगताना दिसले. वडीलधारी म्हणाली, ‘उन्हाचा ताप.’ काहींचे मत पडले, शेवाळ काढून टाकले की झाले. मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी. तळ्याला नेमके झाले काय, हे मला सांगता येईना. तेव्हा आमच्या भूगोलाच्या सरांनी एका परदेशी सरोवराची हकीकत वाचायला सुचवली. तीच येथे सांगतो.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिअ‍ॅटल शहर आहे. त्याला लागून सुमारे ३५ किलोमीटर लांबीचे लेक वॉशिंग्टन पसरले आहे. काठची वस्ती वाढली, तशी १९४१ पासून सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे एकामागून एक उभी राहिली. शुद्ध केलेले पाणी सरोवरात सोडले जाई. घाण काढलेली, रोगजंतूंचा बंदोबस्त केलेला. मग भीती कसली?

१९५५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमन्सन आणि त्यांचे सहकारी यांना सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स नावाचे सूक्ष्म शेवाळ आढळले. (हेच एडमन्सन अठरा वर्षांचे असताना, १९३४ मध्ये, लडाखच्या बाजूच्या सरोवरांतील सूक्ष्म जीवांवरील एका अहवालाचे सहलेखक होते, हे वाचून मला गंमत वाटली.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील झुरिकचे सरोवर बिघडले, तेव्हा तेथेही हेच शेवाळ दिसले होते. लेक वॉशिंग्टनचे पाणी अजून फारसे वाईट दिसत नव्हते. पण इशारा मिळाला होता.

कारण असे. शेवाळाला वाढायला कर्ब, नत्र आणि स्फुरद लागतो. कर्ब हवेतून मिळतो. स्फुरद मात्र गोड्या पाण्यात मुळातच तुटपुंजा असतो आणि त्यामुळेच शेवाळ आटोक्यात राहते. सांडपाण्यातून घाण गेली, तरी त्यात विरघळलेला स्फुरद तसाच राहत होता. शेतकऱ्याच्या मुलाला हे निराळे सांगायला नको. जे खत शेतात सोने पिकवते, तेच तळ्यात शेवाळ पिकवते. ते शेवाळ मरून तळाशी कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. उन्हाचा दोष असलाच, तर तो शेवटच्या धक्क्यापुरता.

एडमन्सन यांनी हे ज्ञान शोधनिबंधात पुरून ठेवले नाही. जेम्स एलिस नावाचे वकील त्या भागाच्या नागरी प्रश्नांवर काम करीत होते. त्यांना एडमन्सन यांनी सरोवराचे पुढे काय होईल, हे सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहून कळवले. सांडपाण्याच्या योजनेवर १९५८ मध्ये मतदान झाले. मार्चमध्ये प्रस्ताव पडला. पण सप्टेंबरमध्ये नागरिकांनी तो मंजूर केला आणि पदरचा पैसा मोजायची तयारी दाखवली. १९६३ ते १९६८ या काळात सारे सांडपाणी नळांनी वळवून खोल, भरती-ओहोटीच्या पुजेट साउंड या समुद्रभागाकडे नेण्यात आले.

या सर्व काळात विद्यापीठाची माणसे मोजमाप करीतच होती. त्यांच्या साधनांपैकी एक तर अगदी साधे: दोरीला बांधलेली पांढरी तबकडी. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. १८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरूने ही रीत रूढ केली. लेक वॉशिंग्टनमध्ये १९६३ च्या उन्हाळ्यात तबकडी जेमतेम एक मीटरवर नाहीशी होई. सांडपाणी वळवल्यावर थोड्याच वर्षांत ती तीन मीटरच्या आसपास दिसू लागली. पाण्यातला स्फुरद झपाट्याने उतरला, नत्र तितका उतरला नाही, आणि शेवाळ स्फुरदाच्या मागोमाग कमी झाले. खरा अपराधी कोण, हे असे सिद्ध झाले. १९७६ पासून डाफ्निया नावाचे, शेवाळ गाळून खाणारे चिमुकले जीव तेथे विपुल झाले आणि पाणी अपेक्षेहूनही नितळ झाले.

वाचकहो, सरोवर एका रात्रीत मरत नाही. ते आधी सांगते. फक्त ऐकणारा कोणी तरी रोज काठावर हवा, आणि ऐकलेले चारचौघांच्या भाषेत सांगणाराही हवा. हे दुसरे काम आपण कलाशाखेचे विद्यार्थी नक्की करू शकतो. पहिलेही फार अवघड नाही. एका जुन्या डब्याच्या झाकणाला आम्ही चौघा मित्रांनी पांढरा रंग दिला आहे, आणि दर रविवारी ते तळ्यात सोडून वहीत आकडा लिहितो. मागच्या रविवारचा आकडा होता एक वीत.

वही अजून जवळजवळ कोरीच आहे. पुढच्या वर्षी आम्ही महाविद्यालय सोडू, तेव्हा ती कोण हाती घेईल, एवढेच विचारायचे आहे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला