चांदीच्या रुपयाची पारख



मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या आसऱ्यानें वसलेल्या अंबडसारख्या गांवीं जुन्या वाड्यांतील एखादी पेटी उघडली, तर तींत चांदीचे रुपये निघणें नवल नव्हे. ते बहुधा दोन जातींचे असतात. एक इंग्रजांचा कलदार व दुसरा निजामाचा हाली. कारण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. चांदीचा भाव चढला कीं अशी पेटी सराफाच्या काट्यावर जाते. ती तेथें नेण्यापूर्वीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या, एवढ्यासाठींच हें भाषण.

पहिली गोष्ट धातूची. कलदाराचें वजन सुमारें ११.६६ ग्रॅम, त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. हाली रुपया सुमारें ११.१८ ग्रॅम, त्यांत हजारीं ८१८ भाग चांदी. हिशेब केल्यास सहा कलदारांत जितकी चांदी, जवळजवळ तितकीच सात हालींत भरते, सुमारें ६४ ग्रॅम. आणि सरकारी दरहि सात हालींस सहा कलदार असाच होता. मात्र १९४० सालीं कलदारांतील चांदी निम्म्यावर आली व १९४७ सालीं तिची जागा निकेलनें घेतली. म्हणून आधीं साल वाचावें. चारमिनारचें चित्र असलेल्या हालीवर साल हिजरी असतें. कमानींत ‘मीम’ हें अक्षर असल्यास तो मीर महबूब अली खान यांच्या, व ‘ऐन’ असल्यास मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दींतला.

दुसरी गोष्ट स्थितीची. वजन काट्यावर कळतें. स्थिति डोळ्यांनीं ठरवावी लागते, आणि डोळे माणसागणिक निराळे. यासाठीं अमेरिकेंत विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं १ ते ७० अशी श्रेणी मांडली. पुढें १९८६-८७ च्या सुमारास नाणें पारखून गुण देणाऱ्या व्यावसायिक संस्था तेथें निघाल्या. नाणें खरें कीं खोटें, घासलेलें कीं अस्पर्श, हें पाहून त्या गुण देतात व तें पारदर्शक डबींत बंद करून तीवर क्रमांक घालतात. ६० पासून पुढचे गुण न वापरलेल्या नाण्याचे; ७० म्हणजे पांचपट मोठें करून पाहिलें तरी निर्दोष.

आतां गुंतवणुकीचीं नाणीं पाहा. १९८६ पासूनचें अमेरिकेचें ‘सिल्व्हर ईगल’ किंवा १९८८ पासूनचें कॅनडाचें ‘मेपल लीफ’ यांत प्रत्येकीं एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, जवळजवळ निर्भेळ चांदी असते. तीं लाखोंनीं निघतात. त्यांत ६९ वा ७० गुणांचीं पुष्कळ असतात. या दोहोंच्या चांदींत तिळाचाहि फरक नाहीं. वरचा पैसा गुणांचा असतो. चांदीचा पैसा कोणतीहि पेढी देईल. गुणांचा पैसा तसाच शोकीन गिऱ्हाईक मिळालें तरच परत येतो. शिवाय डबीहि बनावट निघूं शकते. क्रमांक संस्थेच्या नोंदींत पडताळल्यावांचून घेऊं नये.

हालीचें गणित उलट आहे. तो हातोहात फिरून झिजला, कित्येकदां आटलाहि. ठळक अक्षरांचा रुपया त्यामानानें थोडा. त्याचें नुकसान मात्र आपल्या घरांतच होतें. लक्ष्मीपूजनासाठीं आपण तो चिंचेनें लख्ख घासतों! वरचा काळसर थर हवेंतील गंधकामुळें येतो. तो घासतांना नाण्याचा पृष्ठभागहि खरवडला जातो, आणि अशा नाण्यास पारखी सरळ गुण देत नाहींत. लक्ष्मी काळ्या रुपयावर रुसत नाहीं. तसेंच शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वयें परवान्यावांचून परदेशीं पाठवितां येत नाहीं. तेव्हां गुणांसाठीं तें अमेरिकेस धाडूं नये.

तर रुपये सुटे करा, कडेनें धरा, साल वाचा, वजन करा, आणि जाणत्या संग्राहकास दाखवा. मग झिजलेले मोडावयाचे असतील तर खुशाल मोडा. पण चांगला हाली एकदां मुशींत गेला, तर तो पुन्हां पाडून देणारी टांकसाळ आतां नाहीं.