इंदूरचा बीम आणि कोल्हापूरचा कारागीर

आमच्या कापड धंद्यात बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात बीम म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत. उद्यमनगर व शिरोलीच्या कारागीर बांधवांनी या दुसऱ्या बीमची माहिती घ्यावी, असे आम्हाला वाटते.

तेथे इंडस-1 (1999) आणि इंडस-2 (2005) ही यंत्रे आहेत. इलेक्ट्रॉन त्यांत गोल फिरतात व वळताना तेजस्वी किरण सोडतात; त्या किरणांनी पदार्थांची तपासणी होते. पण पूर्ण ताकद एका यंत्रात मिळत नाही. मायक्रोट्रॉन 20 एमईव्ही देतो, बूस्टर ती 450 किंवा 550 पर्यंत चढवतो, मग झोत इंडसमध्ये जातो. एका यंत्रातून दुसऱ्यात नेणारा मार्ग म्हणजे ट्रान्स्फर लाइन. इंदूरला अशा तीन आहेत.

मागावर नवे बीम चढवले की जुन्या ताण्याशी एकेक धागा सांधावा लागतो. इथेही खरा हुनर सांध्यातच आहे. झोत पुढच्या यंत्राला हव्या त्याच जागी, त्याच कोनात, तेवढ्याच जाडीचा पोचला पाहिजे. नाहीतर नळीच्या भिंतीवर आदळून वाया गेला. त्याला वळवायला दोन ध्रुवांचा चुंबक लागतो. आवळायला चार ध्रुवांचा, पण तो मोठा खोडकर! आडवा आवळतो तर उभा पसरवतो. म्हणून एक सुलटा, एक उलटा असे अंतर मोजून बसवतात. मग दोन्ही बाजूंनी झोत आवळला जातो. हे सारे गणित आधी कागदावर जमवावे लागते.

त्यानंतरचे काम मात्र आपल्या ओळखीचे. नरम पोलादाचे चुंबक (आपले नेहमीचे बीड इथे चालत नाही), सुईच्या छिद्राएवढीही गळती नसलेली स्टेनलेस नळी, आणि खाली बसवायचे जॅक. जिनिव्हाजवळच्या एलएचसी यंत्रासाठी असे सुमारे 7000 जॅक भारतातूनच गेले. 30 टनांहून जड चुंबक ते मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शापर्यंत नेमके बसवतात.

जॉर्डनमध्ये 2017 साली सेसमी नावाचे असेच यंत्र सुरू झाले. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, इजिप्त त्यात भागीदार आहेत. तेथेही मायक्रोट्रॉन, बूस्टर आणि मधले तेच सांधे.

आपला माल आजवर किलोच्या भावाने विकला गेला. इथे मोल मायक्रॉनचे आहे. ज्यांच्याकडे चांगले मोजमाप यंत्र व हात बसलेला वेल्डर आहे, त्यांनी इंदूर केंद्राच्या निविदा पाहाव्यात. सुरुवात स्टँड आणि जॅकपासून करावी, चुंबकाला एकदम हात घालू नये.